पेटीतली राणीघरं

२ मार्च १९९४, बुधवार

तिकीट झालं! २६ तारखेचं, दिल्लीहून. पुढे बर्लिन. एजंटनेच फोनवर सांगितलं. टावर चौकातल्या एसटीडीच्या काचेच्या खोलीत उभं राहून त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. सवयच ती. पत्रकारांचा अभ्यासक्रम, चार महिने. वयाची अट पन्नास, मी एकोणपन्नास. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

संपादक म्हणाले, "विनायकजी, कॉपी टाइम पे भेजना, बीयर पीके नहीं!"

घरी वहिनीने हातावर साखर ठेवली. भय्यासाहेब खाटेवरून म्हणाले, "जा रे, बिलकुल जा." थोडं थांबून — "पेटीचं बघून जा फक्त."

३ मार्च

पेटीचं बघून म्हणजे काय बघून? दिवाळीत भय्यासाहेबांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून गच्चीवर मधमाश्यांच्या पेटीकडे मीच जातो. वहिनीला एक चावली तरी डोळे मिटेपर्यंत सुजतात. मी गेल्यावर कोण? भाऊ विचारत नाहीत. मीही विषय काढत नाही.

६ मार्च, रविवार

रविवारी पेटी उघडायची, मग खाली येऊन खाटेशी बसायचं आणि चौकटीमागून चौकट तोंडी सांगायची. ते डोळे मिटून ऐकतात. सध्याच्या दिवसांत पहिला प्रश्न ठरलेला — "राणीघरं?"

आज होती. चौकटीच्या खालच्या कडेला, शेंगेसारखी लोंबणारी. पाच-सहा, तोंडं बंद झालेली. नवी राणी तयार होते आहे म्हणजे जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघणार. हा हंगामच मोहोळ उठण्याचा. राणीघरं चिमटीत धरून मोडायची, एवढंच काम. चिमूट नेलीही. मग मनात आलं — उडून गेल्या तर? पेटी नाही, काळजी नाही.

झाकण ठेवलं.

"राणीघरं?"

"एकही नाही."

"पक्का?"

"पक्का."

"तू बघितलंस म्हणजे झालं," म्हणाले आणि झोपले.

८ मार्च

शिवरात्रीच्या पुरवणीत बुडालो आहे. रोज ठरवतो, सकाळी वर जाऊन मोडून येईन. आज जिन्यापर्यंत गेलो. चप्पल घालून ऑफिसला निघालो!

१० मार्च, महाशिवरात्र

उठलं. मी महाकालच्या रांगेत भाविकांशी बोलत होतो तेव्हा.

वहिनीने सांगितलं तसं लिहितो. अकराच्या सुमारास भय्यासाहेब एकदम ओरडले, "विनोदिनी, आवाज बदलून राहिलाय! पाणी मार, पाणी!" थव्यावर पाणी उडवलं तर तो जवळच कुठे बसतो म्हणतात. ती पदर तोंडाला गुंडाळून वर गेली, लोट्याने पाणी फेकत राहिली. थवा शेजारच्या कडुनिंबावर थोडा वेळ टेकला. मग घाटाच्या दिशेने गेला. तिचा एक डोळा सुजून बंद आहे. दुसऱ्या डोळ्याने बघत मला उपासाची खिचडी वाढली.

बातमी वेळेत दिली. चारशे शब्द, एक चूक नाही.

११ मार्च

भय्यासाहेब म्हणाले, "तुझा दोष नाही रे छोट्या. तू तर बघितलं होतंस. मी असा लाकडासारखा पडलेलो, मीच वर असायला हवं होतं." डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

१३ मार्च, रविवार

पेटी उघडली नाही. "राहू दे आज," तेच म्हणाले. बरं वाटलं. लाजही वाटली.

१६ मार्च

देवास गेटहून सुटकेस आणली. वहिनी म्हणाली, "चाकंवाली! काय शान आहे, भाऊजी!" भय्यासाहेबांनी ती खाटेभोवती फिरवून दाखवायला लावली. फिरवली.

१९ मार्च, शनिवार

वहिनी आज भाजी निवडता निवडता बोलून गेली. पेटी अरविंदला द्यायची, हे जानेवारीतच ठरलं होतं. अरविंद म्हणजे भय्यासाहेबांचे रेल्वेतले मित्र, देवासला त्यांच्याही पेट्या आहेत. "तुमचा बर्लिनचा अर्ज गेला त्याच दिवशी यांनी निरोप धाडला. म्हणाले, छोट्याला सांगू नको, नाहीतर 'माझ्यासाठी कशाला' म्हणत अर्ज मागे घेईल. निघायच्या आठवड्यात सांगणार होते. भरलेली पेटी द्यायची होती हो यांना."

अर्ज मागे घेतला असता मी? घेतला नसता.

उद्या सकाळी अरविंद उरलेल्या माश्या न्यायला येणार. भय्यासाहेबांनी सांगून ठेवलं आहे — मला खुर्चीसकट वर न्या, शेवटचं बघून घेतो. पेटी मीच उघडायची. फुटलेली राणीघरं चौकटीला तशीच असतील. सहा तारखेला एकही नसती तर उठेपर्यंतच्या चार दिवसांत एवढी होत नाहीत. भय्यासाहेबांना बघताक्षणी कळेल. आत्ता उजेड आहे, सुरी आहे, जिना दहा पावलांवर. खरवडून टाकता येतील.

सुरी वहिनीला भाजी चिरायला दिली. अरविंद आठला येतील.