वजन विचारून घेतलेला जनरेटर

हर्षला,

तू शाळेत शिकवून येशील तेव्हा मी घरी नसेन. तू काल आणलेला जनरेटर बदलायला टेंपोने खोपोलीला चाललोय.

सकाळी कुंभिवलीच्या फार्महाऊसवर गेटच्या वेल्डिंगचं काम काढलं. तिथे अजून लाईट आलेली नाही. रॉड टेकवला की जनरेटर कण्हायचा आणि बंद पडायचा. दहा नंबरचा रॉड दर वेळी लोखंडाला चिकटून बसला. मालक खुर्ची टाकून बघत होता. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, अजून तब्येत बरी नाही का?" गेट तसंच टेकू लावून सोडून आलोय.

तीन केव्हीए ताकदीच्या जनरेटरवर घरातले दिवे-पंखे चालतात गं, वेल्डिंग मशीन नाही. त्याला पाचचा तरी लागतो. हे तुला दहादा सांगितलं होतं.

दुकानदाराला फोनवर झापायला गेलो, तर तो म्हणतो, "वहिनींनी केव्हीए विचारलाच नाय. सगळ्यात हलका कुठला, एवढंच विचारलं." मी फोन ठेवला आणि टेंपो सांगितला.

हर्नियाच्या ऑपरेशनला चार महिने झाले. टाके कधीच सुकले. मोठा जनरेटर नव्वद किलो भरतो, हे मलाही माहीत आहे. सहाला येईन, दारात थांब. फळी लावून उतरवू, एक बाजू तू धर. आणि यापुढे मला काय झेपतं ते दुकानदाराला विचारू नकोस, मला विचार.

योगेंद्र