स्टाफरूममधला मलिदा

आई, तू मला रागावलीस ती मी एका बाईवर प्रेम करते म्हणून नाही, हे सांगितलं तरी लोकांना पटत नाही. लंडनजवळच्या पिनरमधल्या आपल्या स्वयंपाकघरात तू नारळ खवत होतीस. आम्ही दोघी कौन्सिलमध्ये जाऊन सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे कायद्याने लग्नासारखंच, करतोय, तारीखही ठरलीय, असं मी सांगितलं आणि तू भडकलीस. "आणि मला आत्ता सांगतेस? तुझं जमलं की मलिदा करीन म्हणून एलियाहू हन्नबी पैगंबराला नवस बोललेय मी! मलिद्याची पाच फळं काय आपोआप येतात?" मग ॲप्रनला डोळे पुसून मला जवळ घेतलंस.

आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्रायली घरात नवस फिटला की गोड पोह्यांचा मलिदा होतो, तो तू केलासच. पण तुला तो शाळेतही वाटायचा होता. त्या ज्यू शाळेत मी गणित शिकवायचे आणि तू डिनर लेडी, मुलांना दुपारचं जेवण वाढणारी. घरचं अन्न तिथे चालत नाही, म्हणून कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, सांभाळणाऱ्या सुपरवायझरची परवानगी काढून तू शाळेच्याच भांड्यात पोहे भिजवलेस, गूळ-खोबरं घातलंस आणि ब्रेकला ट्रे घेऊन स्टाफरूममध्ये आलीस. नवी साडी, वर ॲप्रन. किती छान दिसत होतीस गं.

"व्हॉट्स द ऑकेजन?" हेडबाईंनी विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. सांगायचा मान माझा होता. मला मात्र नोकरी जाताना दिसली, पालकांचे चेहरे दिसले, शनिवारी सिनेगॉगमध्ये वळणाऱ्या माना दिसल्या.

"ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले," मी म्हटलं.

टाळ्या वाजल्या. तू ट्रे पुढे केलास. "येस, फर्स्ट टाइम. आय ॲम व्हेरी प्राउड."

त्या सकाळी तुला मीच गाडीने आणलं होतं, चार वर्षं आणत होते. परतताना गाडीत, पोहे जरा कोरडे झाले, एवढंच म्हणालीस.

तू देवाघरी गेल्यावर मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, मुलांना, पालकांनासुद्धा. दोन पालक कुरकुरले. एक मुलगी वर्गाबाहेर थांबून "थँक यू, मिस" म्हणाली आणि रडली. इतकंच झालं. इतक्याला घाबरून मी तुला सगळ्यांसमोर खोटं बोलायला लावलं, याची मला फार लाज वाटते.

हे पत्र घरात कुठे ठेवायचीही सोय नाही, माझ्या जोडीदारणीच्या हाती लागेल. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तिचं नाव घेतलं, असं मी तिला सांगितलंय. ती आजही पाहुण्यांना ते कौतुकाने सांगते, आणि मी चहा टाकायला उठते.