काडीचा पोहण्याचा लंगोट

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोहण्याचा टँक बंद पाडला. मी! बावीस वर्षं लोकांच्या घरच्या नळांच्या गळत्या बंद करतोय, आणि आज माझ्याच भाचीच्या लंगोटापायी अख्खा टँक रिकामा करावा लागला.

नेहमीचा डायपर घालून काडीला पाण्यात उतरवलं. मला काय माहीत! पाच मिनिटांत तो उशीसारखा फुगला. दहाव्या मिनिटाला फाटला नि आतला लगदा पाण्यावर तरंगायला लागला. पाठोपाठ जे यायचं तेही आलं. पोहण्याच्या बाईंनी शिट्टी मारली. सहा पोरं, सहा आया – सगळ्या बाहेर. एक पुटपुटली, "पुरुषमाणूस बरोबर आला की हे असंच!" पुटपुटली म्हणजे काय, मला ऐकू जाईल इतक्या जोरात.

काडी मात्र खूश. टाळ्या वाजवत होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

डोकं शांत झालं, आता नीट लिहितो.

काडी एकोणीस महिन्यांची. दोन महिने आधीच जन्माला आली, तेव्हापासून अंगाने काडीच – नाव मीच पाडलं. अजून चालत नाही. धरून उभी राहते, जरा हात सोडला की गुडघे दुमडतात. व्यायामाच्या डॉक्टर म्हणाल्या, "कोमट पाण्यात न्या. पाण्यात अंग हलकं होतं, पायांना जोर करायची सवय लागते." म्हणून हा टँक. मंगळवारी आणि शनिवारी.

ताई चार महिने बंदरावर क्रेन चालवायला शिकतेय. सुट्टी घेतली तर नाव कट. काडीचा बाप केव्हाच हात झटकून मोकळा झाला. मग उरलं कोण? मामा!

बाईंचं फर्मान – धुऊन पुन्हा वापरायचा, खास पाण्यातला लंगोट हवा. नाहीतर दारातूनच परत.

आणायचा! त्यात काय एवढं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आणला. निळा, वर मासे. चिठ्ठीवर लिहिलंय 'दीड ते दोन वर्षं'. आमची वयाने बसली त्यात.

घरी आल्यावर तपासला – नळाखाली धरला, पाणी भरलं. सगळं पाणी भसाभसा बाहेर! तसाच उलटपावली दुकानात. म्हटलं, "हा काय माल विकता? हा गळतो!"

काउंटरवरची पोरगी आधी माझ्याकडे बघत राहिली. मग फिस्सकन हसली. "काका, याने पाणी अडवायचंच नसतं. पाणी आत येणार नि बाहेर जाणार. शू पण अडत नाही. फक्त घट्ट माल अडवायचा."

अरे! म्हणजे हा नळ नव्हेच – मोरीची जाळी! मी नळ समजून वॉशर शोधत होतो. आपल्याच धंद्यात आपण गाढव.

आणि म्हणूनच घरून घालून न्यायचा नाही. वाटेत शू झाली की सगळी मांडीवर. तिथे पोचल्यावर, उतरायच्या आधी घालायचा.

७ फेब्रुवारी, शनिवार

परत पाठवलं. दारातूनच.

बाईंनी काडीच्या मांडीशी लंगोटात बोट घातलं. एक गेलं, दोन गेली, तिसरंही गेलं. "मामा, हे तर खिंडार आहे! वय बघून घेतलात ना? वय नाही बघायचं. वजन, कंबर, मांडी बघायची." खरंच आहे. काडीचं वय दीड वर्षाचं, मांड्या वर्षाच्या पोरीच्या.

चिडलो. म्हटलं, आजच्या दिवस सोडा. बाई म्हणाल्या, "पाण्यात अजून सहा लेकरं आहेत. तीही कुणाची तरी भाचरं असतील."

काडी काचेला नाक लावून आतल्या पोरांकडे बघत होती. उचलून बाहेर आणली तर रस्ताभर रडली. दोन वर्ग बुडाले. माझ्यामुळे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज रविवार, कामं नाहीत. टेप काढली. कंबर एकेचाळीस सेंटीमीटर, मांडी बावीस. काडीला गुदगुल्या! तीनदा मोजलं. दोनदा मापायचं नि एकदाच कापायचं, हे माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. पोरीच्या बाबतीत तीनदा.

दुकानात तासभर ठाण मांडून बसलो. तीन प्रकार निघाले.

चड्डीसारखा ओढून घालायचा – दिसायला सगळ्यात छान. पण घाण झाल्यावर काढणार कसा? पायांवरून खाली ओढला की टाचेपर्यंत रंगकाम. रद्द.

चिकटपट्टीचा – घालायला सोपा. काडीने दुकानातच दोन सेकंदांत उपटून काढला नि फेकला. रद्द!

बाजूला टिचबटणांचा – बटणं उघडली की सपाट उघडतो, माल आतल्या आत गुंडाळता येतो. बटणांच्या दोन रांगा, म्हणजे पोर वाढली की पुढच्या रांगेवर. मांडीचं इलॅस्टिक रुंद आणि मऊ. बोटं घालून बघितली – एक सहज जातं, दुसरं अडतं. काढल्यावर वळ नाही. आत मऊ अस्तर, वर पाणी पटकन सोडणारं कापड.

हाच! दोन घेतले. एक ओला असला तर दुसरा.

पोरगी म्हणाली, "काका, आया पण एवढं बघत नाहीत." मी म्हटलं, "आयांनी माझ्यासारखा टँक बंद पाडलेला नसतो."

१० फेब्रुवारी, मंगळवार

पास! बाईंनी बोट घातलं, फिरवलं, मान हलवली. "बसलाय."

तो एक शब्द ऐकून मला लायसन्स मिळाल्यासारखं झालं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज खरी परीक्षा झाली.

पाण्यात वीस मिनिटं झाली असतील. काडी एकदम गप्प. तोंड लालबुंद, नजर कुठेतरी लांब. मी ओळखलं! तिला धरून सावकाश काठाकडे सरकलो, पाण्याकडे बघत. काही नाही. बाहेर काढली, मागे बघितलं. काही नाही! कपडे बदलायच्या खोलीत बटणं उघडली – आत भरपूर, बाहेर कण नाही.

परत आलो तेव्हा बाई काठावर वाकून पाणी निरखत होत्या. सगळ्या आया श्वास रोखून. ती पुटपुटणारी सुद्धा. बाई उठल्या. "स्वच्छ आहे. चालू द्या!"

टाळ्या वाजल्या! लंगोटाला टाळ्या मिळाल्याचं कुणी ऐकलंय का? मी ऐकल्या.

मोठमोठ्या इमारतींच्या पाण्याच्या लाइनी टाकल्यात मी. इतकी छाती कधी फुगली नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साध्या साबणात धुवायचा, कापड मऊ करायचं औषध घालायचं नाही, सावलीत वाळवायचा. दोरीवर दोन लंगोट नि माझा कामाचा डगला शेजारी शेजारी. शोभून दिसतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी नवीन पालकांसमोर मला उभं केलं. "मामा सांगतील." अकरा जण! मग मोरीच्या जाळीपासून सुरुवात केली नि गाडी रुळावर आली. वजन बघा, वय नको. एक बोट जावं, दुसरं अडावं. घरून घालून आणू नका. अर्ध्या तासाने बाहेर काढून बघाच, आणि शी आल्याचं कळलं तर लाजू नका, पोर उचला.

एका गुबगुबीत पोराचा बाप मागे थांबला. "आमच्याच्या मांडीवर वळ उठतात हो." पुढचं माप घ्या म्हटलं, इलॅस्टिक रुंद बघा. वहीत लिहून घेतलं त्याने. माझं बोलणं आजवर कुणी वहीत लिहून घेतलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काडी पाण्यात माझी दोन बोटं धरून चालली. काठ ते काठ! पाणी छातीपर्यंत, गुडघे ताठ. डॉक्टर म्हणाल्या, "आता जमिनीवर फार दिवस लागणार नाहीत."

संध्याकाळी ताईचा फोन. रोजचा पहिला प्रश्न – "चालली का रे?" पाण्यातलं सांगितलं. हसली, रडली. मग हळूच म्हणाली, "पहिली दाढ तू पाहिलीस. 'आई' म्हणाली तेही फोनवर ऐकलं मी. पावलं तेवढी थांबली तर... छे! असं म्हणू नये ना रे आईने? चालू दे तिला. लवकर चालू दे."

ही बाई सत्तर फूट उंच बसून अख्खे कंटेनर उचलते. आवाज मात्र कापत होता.

१० मार्च, मंगळवार

चालली!!

कपडे बदलायच्या खोलीत. काडीला बाकाला धरून उभी केली होती, नुसत्या लंगोटावर, केस निथळताहेत. मी टॉवेल काढायला वळलो. मागे पट् पट् पट्. वळून बघतो तर बाक तिकडे नि काडी मधोमध! कशालाही न धरता! चार पावलं आली, माझ्या गुडघ्यावर आपटली, वर बघून हसली. मी ओल्या फरशीवर तसाच बसलो. रडलो, लपवत नाही. माझ्यासमोर चालली माझी काडी!

दारात बाई उभ्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "फोन लावा आधी आईला."

फोन काढला. ताईचं नाव समोर आणलं. आणि अंगठा पुढे जाईना. ताई शिकणं आटपून रविवारी येतेय. पाच दिवस फक्त.

फोन खिशात ठेवला. म्हटलं, "बाई, तुम्ही आज काही पाहिलं नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काडीकडे पाहिलं. "मी? मी तर टँकवर होते."

१३ मार्च, शुक्रवार

आज खोलीभर अकरा पावलं. फोनवर सांगितलं, "प्रयत्न चाललाय." खोटं कुठे आहे!

१५ मार्च, रविवार

ताई आली. दारातच बॅग टाकून खाली बसली, हात पसरले. काडीने माझं बोट सोडलं. सात पावलं, सरळ तिच्या कुशीत.

ताईने विचारलं, "पहिलीच?"

"पहिलीच," मी म्हणालो.