थकलेल्या माणसाचे फोटो

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तुझे भावजी गेल्यापासून मी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही, म्हणून फोटोंच्या युक्त्या विचारून मला कामाला लावायचा तुझा डाव दिसतोय. बरं, विचारलंसच तर ऐक.

आपण इंटरनेटवर विकायला ठेवतो ते फोटो कोण कशासाठी विकत घेईल ते सांगता येत नाही. एखाद्या बँकेच्या जाहिरातीत जातील, नाहीतर दवाखान्याच्या भिंतीवर. म्हणून आधी विषय पक्का कर आणि त्याला शोभतील अशा दोनच वस्तू ठेव. कल्पना म्हटलं की बल्ब आणि प्रेम म्हटलं की लाल फुगा, याचा गिऱ्हाइकांना वीट आलाय. कपावर, शर्टावर कंपनीचं नाव दिसलं की फोटो परत येतो. माणसाला एका कडेला बसव आणि उरलेली जागा मोकळी सोड, तिथे गिऱ्हाइकं आपला मजकूर टाकतात. खिडकीला पातळ पडदा लाव, म्हणजे उजेड मऊ पडतो. तोच प्रसंग आडवा घे, उभा घे, नुसते हातही घे, हात फार खपतात. आणि घरचा माणूस असला तरी संमतीच्या कागदावर सही घे. तुझे भावजी दर वेळी 'मी काय पळून जातोय' म्हणत सही करायचे.

सुरुवातीला ते किती भयंकर मॉडेल होते, आठवतंय ना? 'आनंदी कुटुंब' काढायला बसवलं की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा जबडा उघडायचे. पण नोकरी सुटून ते घरी बसले, मी 'थकवा' हा विषय घेतला, आणि त्यांना एकदम जमलं. पलंगाच्या कडेला हात सैल सोडून बसायचे. खांदे कसे पाडायचे तेही सांगावं लागलं नाही. तुमच्यात नट लपलाय हो, असं मी म्हटलं तेव्हा ते जरा हसले, तर मीच त्यांना दटावलं की हसू नका, मूड जातोय. ते फोटो धडाधड खपले. पुढे पुढे सकाळी उठून बघावं तर ते तसेच बसलेले असायचे, आणि उजेड छान पडलाय म्हणून मी कॅमेरा आणायला पळायचे.

त्यांचं हृदय बंद पडलं असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. त्यांनी स्वतः जीव दिला. त्यांना माझ्याइतकं निरखून कुणीच पाहिलं नसेल, आणि मला दिसला तो फक्त उजेड. आता सकाळ झाली की कशातच राम वाटत नाही. हे मी कुणालाही सांगणार नव्हते. पण तू लिहिलंस की तुझा नवरा हल्ली न सांगता खिडकीशी बसून राहतो, जेवायलाही हाका माराव्या लागतात, 'थकवा'साठी हवी तशी पोज आयती मिळते, फक्त चेहरा आणखी उदास कसा दिसेल ते सांग. म्हणून सांगतेय. धाकटे, कॅमेरा कपाटात ठेव. आजच त्याला डॉक्टरकडे ने. त्याआधी त्याच्याजवळ जाऊन बस आणि काय होतंय ते विचार. तो 'काही नाही' म्हणेल. तरी उठू नकोस.

तुझीच,
ताई