न झालेल्या ऑपरेशननंतरचे व्यायाम

३१ मार्च

आईला नेलं आणि तसंच परत आणलं! डावा गुडघा बदलायचा होता. वर्षभर नंबर लागायची वाट बघितली. सकाळी शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं. इस्पितळात हिरवा झगा घातला, पायावर पेनाने खूण केली — आणि सर्जनचीच कंबर धरली. वाकता येईना. नर्स म्हणाली, "घरी जा, कळवू." परत खुर्ची, परत तीन मजले. शेजाऱ्यांची तोंडं बघवत नव्हती.

आई मात्र सर्जनसाठी हळहळतेय. "कंबरेचं दुखणं फार वाईट गं!"

३ एप्रिल

दुकानात कोटांना इस्त्री करत होते. मोबाइलवर राष्ट्रीय आरोग्य निधीचा संदेश — "आपली शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन."

घरी येऊन आईला वाचून दाखवला. "कुणाची?" म्हणाली. म्हटलं, तुझी. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

५ एप्रिल

इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीवर एक लुकडे गृहस्थ असतात. गळ्यात दोन चष्मे, डोळ्यावर एकही नाही. त्यांनी प्रेमाने समजावलं. निधी इस्पितळाला ऑपरेशनमागे पैसे देतो. वर्षाचे पैसे खर्चायचे उरले, की ३१ मार्चला बुडाले. म्हणून त्या आठवड्यातली सगळी ऑपरेशनं ३१ला 'झाली' म्हणून टाकायची आणि मग सवडीने करायची. "दरवर्षी करतो, ताई. कधी अडलं नाही."

"मग करा की सवडीने!"

"तिथेच तर गोची आहे." सर्जन रजेवर गेले, तोवर निधीने नोंद पक्की केली. निधीच्या नियमाने एक गुडघा दहा वर्षांत एकदाच बदलता येतो. आईचा बदलून झाला!

म्हटलं, पैसे तर तुम्हाला मिळालेत ना?

"मिळालेत. पण ते झालेल्या ऑपरेशनचे. आता करायचं ते दुसरं."

मी ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवते. न धुतलेला कोट घडी घालून दिला आणि वर म्हटलं, दुसऱ्यांदा धुणार नाही, तर गिऱ्हाईक तोच कोट माझ्या तोंडावर फेकेल. इथे मी "बरं" म्हणून बाहेर पडले. माझीच मला चीड आली.

८ एप्रिल

निधीच्या कचेरीत. दुरुस्तीचा अर्ज ठेवून घेतला, पण मंजुरीला ऑपरेशन केलं नाही असा ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा दाखला हवा.

९ एप्रिल

सर्जन घरी आडवे, कमरेला पट्टा. "न केलेल्या कामाचे दाखले द्यायला लागलो तर मला दुसरं काही करताच येणार नाही, बाई."

१२ एप्रिल

आज कहर! दारात एक मुलगी, पाठीवर पिशवी. गुडघा बदलला की निधी घरी व्यायाम शिकवणारी पाठवतो. ती ही.

"आजी, टाके बघू."

आईने पाय पुढे केला. मुलीने वरून, खालून, बाजूने पाहिला. "वा! काय सुरेख भरलीय जखम. खूणसुद्धा नाही!"

मी सगळं रामायण सांगितलं. वाटलं, निघून जाईल. ती खाली बसली आणि पिशवी सोडायला लागली. "ताई, मला पैसे भेटीमागे मिळतात, गुडघ्यामागे नाही."

घोडं आलंच नाही आणि वरात दारात!

१७ एप्रिल

व्यायामवाली एक दिवसाआड येते. मिठाची पिशवी पायाला बांधून पाय वर उचलायला लावते. खुर्चीतून उठ, बस, उठ, बस. आई तिला पोटभर शिव्या देते आणि मग चहा पाजते.

मावशीला गॅलरीतून सगळा वृत्तांत गेला. मावशी समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर. ऐकू कमी येतं, त्यामुळे आईचा गुडघा आता अख्ख्या गल्लीला तोंडपाठ आहे. वर्षभर दोघी बहिणी अशाच ओरडून बोलताहेत. मावशीला दम्यामुळे चढवत नाही, आईला उतरवत नाही.

२४ एप्रिल

निधीकडून फोन. मी दुकानात, आईने घेतला. "नव्या गुडघ्याला दहापैकी किती गुण द्याल?"

आई म्हणाली, सात.

"सात?! अगं, कशाला?"

"पोरगी गोड बोलत होती. कमी दिले आणि तिची नोकरी गेली म्हणजे?"

२८ एप्रिल

अर्जावर शेरा — रुग्ण समाधानी असल्याने दुरुस्तीची गरज दिसत नाही. कपाळावर हात मारून घेतला.

३ मे

मावसभाऊ येऊन गेला. ३० मेला मावशीला कायमची त्याच्या गावी नेणार. एकटी राहू देत नाही म्हणतो. बरोबरच आहे त्याचं.

आई नंतर भांडी लावताना म्हणाली, "जायच्या आधी तिला एकदा जवळ घ्यायचंय. ओरडून नाही." आणि रडली. मीही रडले. म्हटलं, खुर्चीत बसवून नेऊ. तर चिडली. "गोणीसारखी जाणार नाही मी. माझ्या पायांनी जाईन."

म्हणजे ऑपरेशन झालं तरी ३० मेला कसलं जमतंय? तरी मी धावतेच आहे.

६ मे

सर्जन उठून बसलेत. आईच्या वतीने कंबरेची चौकशी केली. विरघळले! दाखला दिला. 'मी हे ऑपरेशन केलेले नाही. यात रुग्णाचा दोष नाही.'

१५ मे

दुरुस्ती मंजूर! आईचा गुडघा अधिकृतपणे जुना झाला. खिडकीवरच्या गृहस्थांनी दोन्ही चष्मे एकदम लावून वाचलं आणि हात मिळवला. ऑपरेशन २९ मेला.

१६ मे

आगीतून फुफाट्यात. ऑपरेशन झालंच नाही, म्हणून ऑपरेशननंतरचे व्यायाम बंद! आणि ती मुलगी आता म्हणतेय, आजींचा पाय सुधारत होता. खरंच की — आई हल्ली मोरीपर्यंत भिंतीला हात न लावता जाते. मी धावाधावीत बघितलंच नाही.

१८ मे

निधीच्या कचेरीत गेले. म्हटलं, माझी दुरुस्ती रद्द करा. ऑपरेशन झालं होतं असंच राहू द्या.

तिथल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "झालं नव्हतं असं तुम्हीच सिद्ध केलंत ना?"

"हो."

"मग आता झालं होतं, याचा दाखला आणा. सर्जनचा."

१९ मे

गेले नाही. त्या माणसाला पुन्हा तोंड कुठल्या तोंडाने दाखवू!

२३ मे

आईला व्यायाम बंद झाल्याचं काहीच नाही. "तू दुकान बघ," म्हणते. संध्याकाळी बघावं तर दमलेली, घामाघूम. विचारलं तर म्हणे उकाडा.

२७ मे

इस्पितळाचा फोन. रुग्णाला उतरता येत नाही अशी नोंद आहे, म्हणून स्ट्रेचर घेऊन माणसं घरी पाठवणार. फुकट! एवढं मोठं मन कुठून आलं देव जाणे. आईला सांगितलं. "किती वाजता येणार?" एवढंच विचारलं.

मावशीचं सामान बांधून झालं. परवा आई इस्पितळात, दुसऱ्याच दिवशी ती जाणार. भेट होत नाही. मला फार वाईट वाटतंय.

२९ मे

बेल वाजली. दारात स्ट्रेचरवाले दोघे, धापा टाकत. "पेशंट कुठाय?"

आत गेले. पलंग रिकामा. मोरी रिकामी. मी किंचाळलेच!

त्यातला एक म्हणाला, "घाबरू नका ताई, आम्ही बरोबर आलोय. जिन्यात एक आजी उतरत होत्या, त्यांनीच सांगितलं. तिसरा मजला, सावकाश चढा, घाई नाही."

गॅलरीत धावले. आई गल्ली ओलांडत होती. मावशी दारात उभी होती, दोन्ही हात पुढे करून. आणि दोघींपैकी कुणीच ओरडत नव्हतं.