शेती व अनुषंगिक

मुकुंदवाडी,
२४ एप्रिल २०२१

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही इथं ठीक आहोत, तुम्हीही हर्सूलला ठीक असाल असं धरून चालतो. काही कमीजास्त असतं तर कुणीतरी कळवलंच असतं.

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी ते उलटंपालटं करून बघशील. फोन लावला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. मोनिकाच्या फोनवरून लावला तर पोरीला "जेवलीस का" एवढं विचारून फोन वहिनींकडं देतोस. कागद मात्र हातात आला की तू शेवटपर्यंत वाचतोस, मग तो औषधाच्या बाटलीवरचा का असेना. म्हणून कागद.

मार्चमध्ये मला ते दुखणं होऊन गेलं. घरीच मागच्या खोलीत होतो, दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. आता ठणठणीत आहे. जेवण जातं.

दुकान बंद आहे, आदेशामुळं. तुझं चालू असेल. मला यातली गंमतच समजत नाही. शेतकऱ्याची मोटार जळाली तर दुरुस्त करायची परवानगी आहे, घरातली जळाली तर नाही. कूलर, पंखा, मिक्सर तर लांबच राहिले. परवा महापालिकेचं पथक गल्लीत आलं होतं. मी बंद शटरपुढं खुर्ची टाकून बसलो होतो, त्यालाही दोष आहे का बघायला दोघं थांबले. मी त्यांना विचारलं, साहेब, तांब्याच्या तारेला कसं कळतं की आपण ओढलेलं पाणी कांद्याला चाललंय का बादलीत? त्यातला पोरगेला होता तो हसला. म्हणाला, "काका, तारेला कळू द्या नायतर नाय, आम्हाला वरून आलेला कागद कळतो." बरा होता बिचारा. मास्क ओला झाला होता त्याचा.

आता कामाचं. आमच्या मागच्या कॉलनीत व्यंकटराव म्हणून आहेत, कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले कारकून. त्यांची मोटार जळाली. खालच्या हौदात आठवड्यानं कधी नळाचं पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, एवढंच तिचं काम. बायको कालिंदीबाई आत्ताच त्या दुखण्यातून उठल्यात, जिन्याला धरून चालतात. म्हातारा स्वतः बादल्या भरून दोन मजले चढतोय. मी त्यांना म्हणालो, माझ्या भावाचं दुकान चालू आहे, तिथं पाठवू. भाजीच्या टेम्पोला पास आहे, म्हणून कडूबाच्या टेम्पोत मेथीच्या जुड्यांखाली ठेवून मोटार पाठवतोय. तेवढी करून दे.

माझ्याकडं एक जुनी मोटार होती, ती मी टेबलावर चालवून बघत होतो तर जळून गेली. व्होल्टेजचा काही भरवसा नाही इथं. मोनिका वरच्या मजल्यावरून पळत खाली आली म्हणून बरं, तिनं बटण बंद केलं.

वहिनींची गुडघेदुखी कशी आहे ते कळव.

तुझा,
पुंडलिक

ता. क. सहज विचारतो. बाबा वार्निश सुकवायला भट्टीत ठेवलेली मोटार साधारण किती वेळानं काढायचे? घड्याळ बघताना मी तरी त्यांना कधी पाहिलं नाही. तुझ्या काही लक्षात असेल तर सांग.

*

मुकुंदवाडी,
१० मे २०२१

ती. दादास नमस्कार.

मोटार तशीच परत आली. सोबत कडूबानं तुझा निरोप तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला: "घरातली मोटार हाय. शेतीच्या दुकानात नाय घेता येत. पथक आलं तर मी काय सांगू?" कडूबा नकला बऱ्या करतो. वहिनींचा गुडघा तसाच आहे, हेही त्यानंच सांगितलं. भट्टीच्या वेळेबद्दल मात्र तू काहीच म्हणाला नाहीस.

मला तुझा राग आला नाही. खरं सांगायचं तर हसू आलं. सगळं शहर आडवाटेनं काय काय विकतंय, अर्धं शटर वर करून कपडे देतायत, आणि आमचा दादा घरातली मोटार बघून दाराबाहेर ठेवतो. तुझ्याकडून दुसरं काय व्हायचं? बाबांच्या दुकानात शहागंजला असताना गिऱ्हाईक विसरून गेलेली छत्रीसुद्धा तू पावसात वापरू देत नव्हतास.

तुझा नकार मी व्यंकटरावांना गेटाबाहेर उभा राहून सांगितला. म्हातारा चिडला नाही, उलट त्यांच्या तोंडावर तरतरी आली. मला म्हणाले, आदेशाचा कागद आहे का तुमच्याकडं? मोनिकानं फोनवर काढून दिला. कागदाचा माणूस तो, सवयच निराळी. आपण वरून वाचतो, ते खालून वाचत गेले. म्हणाले, कुठंतरी एखादा शब्द मोकळा सोडलेला असतो, तो आधी धरायचा. आणि धरला त्यांनी. शेती व अनुषंगिक सेवा, दुरुस्तीसह.

मी विचारलं, अनुषंगिक म्हणजे काय हो? शब्द शंभरदा ऐकलेला, पण कधी कुणाला विचारला नव्हता. ते म्हणाले, "ज्याला स्वतःचं कलम नसतं, पण दुसऱ्याच्या कलमाला धरून जे चालतं, ते अनुषंगिक."

मला हे फार आवडलं. घरी येऊन मी मोनिकाच्या आईला ते सांगितलं, तर ती म्हणाली की मग सगळ्या बायका अनुषंगिकच की.

तर आता ऐक. व्यंकटरावांच्या गच्चीवर तेलाच्या डब्यांत मिरची आहे, कढीपत्ता आहे, दोन वांग्याची रोपं आहेत. त्यांना पाणी जातं ते त्या टाकीतून, आणि टाकीत चढतं ते या मोटारीनं. म्हणजे शेती नसली तरी शेतीला धरून आहेच. आतून कालिंदीबाईंचा आवाज आला, "तुळस शेतीत धरू नका हं, ती देवाची आहे." महिन्यानंतर त्या बाईचा आवाज एवढा मोठा निघाला असं व्यंकटराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

दुसरं म्हणजे आता तुला तिच्यात काही करायचंही नाही. दुकान बंद आहे, माझे हात बंद नाहीत. मी घरातच बसून जुनी तार काढली, नवी भरली, तार गुंडाळायचे फर्मे बाबांचेच आहेत. वार्निश दिलं, भट्टीतही ठेवून काढली. तू फक्त एकदा तुझ्या टेबलावर चालवून बघ. इथं व्होल्टेज बरोबर नाही हे मागं लिहिलंच आहे. आणि झाकण काढून जरा आत बघून घे. म्हणजे काही गरज आहे असं नाही. बघितलंस तर बरं.

भट्टीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आपण वेगळे झालो ते या भट्टीवरून, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. त्यांना वाटतं वाटणीत जमीनबिमीन असेल. मी घड्याळाची भट्टी आणायची म्हणालो, तू म्हणालास नाक असताना घड्याळ कशाला. तू शेतकऱ्यांची गिऱ्हाइकी घेऊन हर्सूलला गेलास, मी जिकडं नव्या कॉलन्या उठत होत्या तिकडं आलो. बरोबरच झालं म्हणा. बाबा बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आले. विहिरी खोल गेल्या, लोकांनी मोटारी बसवल्या, त्या जळायला लागल्या, म्हणून आपल्या घरात भाकरी आली. आणि आता इथं जिथं जवारी व्हायची तिथं गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या आहेत. माणसाला पाणी कमी पडलं की आपलं चालतं, हा कसला धंदा असं मला कधी कधी वाटतं. तुला वाटतं का?

घड्याळ मी आणलं, पण त्यावर एकट्यावर मी कधीच विसंबलो नाही. लाइट कमीजास्त झाली की भट्टीची धग बदलते, घड्याळाला ते काय कळणार? घंटा वाजली तरी दार किलकिलं करून वास घ्यायचोच. हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगून टाकलं.

मोटार नीट जपून उतरवून घे. कडूबानं या वेळी शेपूच्या जुड्या वर ठेवल्यात.

तुझा,
पुंडलिक

*

मुकुंदवाडी,
५ जून २०२१

ती. दादा,

मोटार आली. त्याच संध्याकाळी बसवून दिली. व्यंकटरावांच्या टाकीत पाणी चढलं तसं ते दोघं नवराबायको जिन्यात बसून पाइपाचा आवाज ऐकत राहिले. कालिंदीबाईंनी माझ्यासाठी बाहेरच्या कट्ट्यावर चहा ठेवला आणि तुझं नाव विचारलं. कारभारी, म्हणून सांगितलं. नावाला शोभेल असंच काम आहे, म्हणाल्या.

मोटारीला तू जो पुठ्ठा बांधला होतास तो मी आधी खिशात घातला, मग बसवायला गेलो. त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: "वार्निश कच्चं होतं. परत भट्टी दिली. तुला वास येत नाही का?"

बरेच दिवस तो पुठ्ठा या खिशातून त्या खिशात घालतोय. आज उत्तर देतो.

नाही येत, दादा.

दुखणं उतरलं, ताप गेला, खोकला गेला, हे तेवढं आलं नाही. पहिल्यांदा मला त्याची मौजच वाटली. नाक चोंदलेलं नाही, वारा आत जातो, पण रिकामा जातो. मी घरभर एकेक वस्तू नाकाला लावत फिरलो. उदबत्ती, हिंगाची डबी, रॉकेल, मोनिकाचं डोक्याचं तेल. कडूबाच्या टेम्पोतली मेथी तोंडावर दाबली तर फक्त ओलं लागलं. डॉक्टर म्हणतात, पुष्कळांचा परत येतो, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा, कुणाचा कधी ते आत्ता सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं की वास नाकात असतो का डोक्यात. ते म्हणाले, काका, बाहेर लाइन बघा केवढी आहे.

मग ती टेबलावरची मोटार. व्होल्टेज वगैरे काही नव्हतं. मी तिच्याशेजारीच बसलो होतो, पाठ करून तार सोडवत. ती आतून जळत होती, धूर निघायच्या आधी जो वास सुटतो तो जिन्यातून वर मोनिकापर्यंत पोचला आणि मला हाताच्या अंतरावर कळला नाही. पोरगी धावत आली तेव्हा मी तिच्यावरच ओरडलो की जिन्यात पळू नकोस म्हणून. तिनं बटण बंद केलं आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. तिला त्याच क्षणी कळलं. आईला अजून तिनं सांगितलेलं नाही, मी पण नाही. मोनिकाची आई भाजी कशी झाली विचारते, मी झकास म्हणतो.

तुला तर ताजा कलम वाचूनच कळलं असणार. घड्याळाचा माणूस वेळ विचारायला लागला म्हणजे काहीतरी गेलं असणार, हे तू ओळखलंस. आणि तरी मोटार परत पाठवलीस पहिल्यांदा. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. नियम होता.

आता खरी गोष्ट. दुकान बंद का, असं कुणी विचारलं की मी आदेशाकडं बोट दाखवायचो. पथक आलं की बाकीचे दुकानदार तोंड वाकडं करायचे, मला आतून बरं वाटायचं. सरकारनं मला सांगितलंय उघडू नको, म्हणून मी बसलोय, असं होतं सगळं. सोमवारपासून निर्बंध सैल होतायत. गल्लीत सगळे शटरला तेल घालायला लागलेत. समोरचा भांडीवाला तर आजच झाडून बसला. गिऱ्हाइकांचे फोन येतायत, पुंडलिकशेठ, सोमवारी कूलर आणू ना. मी हो हो म्हणतो आणि फोन पालथा घालून ठेवतो. मी कच्ची मोटार देईन, ती हौदावर जळेल, कुणी ओल्या पायानं जवळ असेल. सगळं शहर सोमवारची वाट बघतंय, आणि तो येऊ नये असं वाटणारा मीच एकटा असेन.

बाबा गिऱ्हाइकांपुढं म्हणायचे ते आठवतं का? "थोरल्याचं नाक अन् धाकट्याचा हात, दोघं मिळून माझा एक मेस्तरी." मला तेव्हा राग यायचा, अर्धा मेस्तरी म्हटल्याचा. पुठ्ठ्यावर तुझं अक्षर बघितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अर्धा तर अर्धा. दुसरा अर्धा हर्सूलला आहे.

तुझ्याबद्दल पण एक ऐकलंय. कडूबा सांगत होता की हल्ली तू तार भरायला बाहेर देतोस, डोळ्याला बारीक दिसत नाही म्हणून. खरं का? खरं असेल तर तू मला का नाही कळवलंस, हे मी विचारणार नाही, कारण तू तेच मला विचारशील.

सोमवारी मी शटर उघडणार नाही. बाबांचे फर्मे पिशवीत घालून सकाळी हर्सूलला येतो. तू नको म्हणत असशील तर उद्या कडूबाबरोबर तसा निरोप पाठव. निरोप आला नाही तर हो म्हणालास असं समजेन, तुझं हो मला असंच माहीत आहे. तार मी भरीन. तू भट्टीपाशी बस आणि दार उघडलंस की मला एवढं सांगत जा, की आता कच्चा वास येतोय, आता गोड यायला लागला, आता काढ. मी नुसतं ऐकत जाईन. माझा परत आलाच कधी, तर पहिल्यांदा तो तुझ्या भट्टीचा यावा.

आणि पथकानं विचारलं की हा कोण बसलाय तुमच्या दुकानात, तर नाव-गाव सांगत बसू नकोस. कागदातला शब्द सांग.

तुझा अनुषंगिक,
पुंडलिक