खांबाला चिकटलेला पट्टा

ती. भावोजींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईला म्हणावं, माझी खुशाली विचारायला फोन करू नकोस. मी खुशाल आहे, फक्त कंबर नाही. ती का नाही, हे सांगायलाच हे पत्र.

तुमच्या लेकीला यंत्रावर काम करायला वर्षातून एकदा चार दिवस मिळतात. त्या चार दिवसांत तिच्या पोटात काही गरम पडावं म्हणून मी आले. यंत्र गोदामाएवढं आणि तपासायचा खडा मसुरीच्या डाळीएवढा. हा खडा बर्फाहून कितीतरी गार केला की त्यातून वीज कुठेही न अडता वाहते म्हणे. मग त्यात म्युऑन नावाचे कण सोडतात. ते आत शिरतात, आतल्या चुंबकत्वाप्रमाणे गिरक्या घेतात आणि पापणी लवायच्या आत मरतात. मरताना आणखी एक कण बाहेर फेकतात, तो कुठल्या बाजूला गेला त्यावरून आतली खबर कळते. (आमच्या मधल्या जाऊबाई उंबऱ्यातूनच घरातलं सगळं ओळखतात, आणि मरतही नाहीत.)

गार झाल्यावर खड्याच्या पोटात आपोआप चुंबकत्व उपजतं का, हे लेकीला बघायचं होतं. उपजलं तर मोठा शोध आणि नोकरी कायम. म्हणून भोवतालचं सगळं चुंबकत्व, पृथ्वीचंसुद्धा, आधी मारून टाकतात. खडा गार नव्हता तेव्हा मोजलं, काही नव्हतं. मग एक वायर सैल झाली. यंत्र थांबवून सगळे आत गेले आणि बॅटरी धरायला मला नेलं. दाराशी फोन, किल्ल्या काढून घेतल्या. कमरेचं कोणी विचारलं नाही, मी आपण होऊन कशाला सांगू? वाकल्यावर कंबरदुखीसाठी तुम्ही दिलेला चुंबकाचा पट्टा रुतायला लागला, म्हणून सोडून खड्याशेजारच्या लोखंडी खांबाला टेकवला. तो तिथेच चिकटला आणि मी विसरले. दार बंद, खडा गार, आणि आज दुपारी आकडे आले: चुंबकत्व आहे. लेकीचे साहेब नाचले (साठीचा माणूस, शोभत नाही). लेकीने मला मिठी मारली, तिचे हात कमरेला लागले, तेव्हा मला पट्टा आठवला.

इतकी वर्षं त्या पट्ट्याला गुण नाही म्हणत आले, ते मागे घेते.

मी लगेच सांगून टाकलं. लेक हसली, म्हणाली, "मावशी, छापून येण्याआधी बोललीस ते बरं." साहेबही समजूतदार निघाले. आता पुन्हा मोजताहेत. काळजी नसावी.

तुमची मेहुणी

ता. क. दुसरा पट्टा पाठवू नका.

ता. क. वर 'सांगून टाकलं' लिहिलंय, ते अजून व्हायचंय. लेक आत एकेकाला फोन करून शोधाची बातमी सांगतेय आणि मी बाहेर बाकावर बसलेय. यंत्राचे चार दिवस उद्या सकाळी संपतात, आत्ता सांगितलं तरच पुन्हा मोजायला वेळ आहे. आधी लिहून बघितलं. लिहायला सोपं गेलं.

ता. क. हे पोचेल तेव्हा ती माझ्याशी बोलत नसेल, तर पट्टा तुम्ही दिला होता हे तिला सांगा. अर्धी बोलणी तुम्ही खा. रडली तर रडू द्या, शहाणपण शिकवू नका. टपालपेटी तिच्या दाराच्या अलीकडे आहे. आधी पत्र टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.